रंगाखालचे बोल्ट

आमचा ट्रक फार मोठा नव्हे. सहा चाकांचा, लाकडी फाळक्यांचा, सांगलीच्या बाजारातून हळद आणि गूळ भरून साताऱ्याकडं जाणारा. इस्लामपूरच्या बाहेर आमचं घर आहे आणि घरापुढं ट्रक उभा करायची जागा आहे. खरं सांगायचं तर ट्रकची जागा आहे आणि तिच्या मागं उरलेल्या जागेत घर आहे. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. माझे मालक ट्रकचे मालकही आणि ड्रायव्हरही. त्यांनी आधी ट्रकशी संसार मांडला आणि मग घर सांभाळायला मला आणलं, असं मी भांडणात हमखास म्हणायची. ट्रकला ते लक्ष्मी म्हणायचे आणि मला नुसतं 'अगं'.

गेल्या पावसाळ्यानंतर ट्रक जागचा हलला नव्हता. मालकांच्या मणक्यातली गादी सरकली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं, नस दबलीय, ऑपरेशन करून घ्या, आणि तोवर गाडी चालवू नका. ऑपरेशनला हे घाबरले. गाडी मात्र त्यांनी खरोखरच थांबवली. मला त्याचंच नवल वाटलं होतं, कारण अंगात ताप असतानाही हा माणूस फेरी मारून यायचा.

हळूहळू कंबर दुखायची कमी झाली. उठबस करू लागले, जेवण जाऊ लागलं. पण ट्रक काही निघेना. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. दाढी करायची सोडली. टीव्ही लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तिच्या इंजिनाच्या आवाजावरून 'हिचा गिअर चुकतोय' एवढं पुटपुटायचे, तेवढंच काय ते दिवसभरातलं बोलणं. पोरगी पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच. माझ्या डोळ्यांदेखत तो धिप्पाड माणूस खुर्चीत बसून बसून लहान होत चालला होता आणि मला त्याची भीती वाटत होती. मला ते पुन्हा स्टेअरिंगवर बसलेले बघायचे होते. त्यापलीकडं मी देवाकडं काहीसुद्धा मागत नव्हते.

"आवं, कवा काढायची गाडी?" मी रोज विचारायची.

"मागचे शॉकअप गेल्यात," ते म्हणायचे. "रिकामी गाडी नुसत्या उड्या मारतीया. कमरंला हादरा बसतो. नवे टाकल्याबिगर बसायचं न्हाई."

"मग टाका की नवे."

"बघू."

हे 'बघू' किती ऐकलं याला गणती नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. एक दिवस भाकरी करून झाकून ठेवल्या, एसटी पकडली आणि सांगलीला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, मालकांना पाठवा, तुम्हाला समजायचं नाही." मी म्हटलं, मालकांना समजतं पण ते उठत नाहीत, तुम्ही द्या. गाडीचं मॉडेल, चाकं, सगळं सांगितलं. दोन्ही शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन आले. येताना एसटीत मला फार बरं वाटत होतं. कृष्णेच्या पुलावरून जाताना मी चक्क हात जोडले. आता हा माणूस उठेल, असं मला अगदी नक्की वाटलं.

मी ते पुडकं त्यांच्या खुर्चीपुढं ठेवलं आणि कागद सोडला. मालकांचा चेहरा उतरला. बायको पार्ट आणायला गेली याची लाज वाटली असेल, असं मी समजले.

"कुणी सांगितलं हुतं तुला?"

"तुमीच की! रोज सांगत न्हाई काय?"

त्यांनी एक शॉकअप उचलून परत कागदावर ठेवला आणि म्हणाले, "आणून काय उपेग न्हाई. जुने निघायचे न्हाईत. बोल्ट जाम हायत."

बोल्ट जाम असणार हे मलाही माहीत होतं आणि ते कोणी जाम केले तेही. दसरा आला की बाकीचे ट्रकवाले गाडी धुतात, दर्शनी भाग रंगवतात, हार घालतात, नारळ फोडतात. आमचे मालक गाडीखाली शिरायचे. पोतं अंथरून उताणे झोपायचे आणि डबा-ब्रश घेऊन चासीपासून स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत सगळं रंगवून काढायचे. नट म्हणू नका, बोल्ट म्हणू नका, त्यांचा ब्रश एकालाही चुकवायचा नाही. मी वरून ओरडायची, खालून कोण बघणार आहे हो? ते म्हणायचे, "लक्ष्मी हाय. तिला वरनं नटवायचं आन् खालनं उघडी ठेवायची व्हय?" दरवर्षी आधीच्या रंगावर नवा रंग. मधल्या एका वर्षी पुराचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा ट्रक चाकं बुडेपर्यंत पाण्यात होता. आत गंज धरला आणि वरून पुन्हा रंग बसला. एवढ्या मायेनं बोल्ट जाम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मग गॅरेजला नेऊ," मी म्हटलं.

"माझ्या गाडीला आजवर दुसऱ्याचा हात लागला न्हाई."

"मिस्त्रीला घरी बोलवू."

"न्हाई म्हटलं न्हवं?"

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. पंचवीस-तीस वर्षं फौजेत गाड्यांच्याच खात्यात होते, त्यामुळं आमच्या ट्रकवर त्यांचा थोडाफार हक्क आहेच. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, यात काय दम नाही. गॅसकटरवाल्याला बोलवा. नट लाल होईपर्यंत तापवला की चहा होईस्तोवर सुटतो."

मालक खुर्चीतूनच गरजले, "लक्ष्मीला आग दावायची न्हाई."

सुभेदारांनी हात झटकले आणि घरची वाट धरली. आमच्याकडं जुन्या ट्रकवाल्यांत ही रीत आहेच. गाडीच्या अंगाला जाळ लावत नाहीत, वेल्डिंग करायचं झालं तरी आधी हात जोडतात. त्यामुळं मला त्यात वावगं काही दिसलं नाही. राग मात्र आला. गॅरेज नको, मिस्त्री नको, जाळ नको. मग बोल्ट काय मंतरून सोडवायचा? मी साडीचा पदर खोचला, मालकांचा जुना शर्ट वरून चढवला आणि म्हटलं, "ठीक हाय. दुसऱ्याचा हात नको न्हवं? माझा चालंल?"

त्यांनी बोटानं पान्यांची पेटी दाखवली.

मी काही पाना न ओळखणारी बाई नाही. मी साताऱ्याची. लग्नाआधी तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जुळणीवर होते. पट्ट्यावरून माल यायचा आणि आम्ही पोरी नट आवळायचो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आवळायचंच काम. घट्ट करायचं मला चांगलं ठाऊक होतं. सैल करायचं कुणी शिकवलं नव्हतं.

चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली लाकडाचे ठोकळे दिले. मालक सांगत होते आणि मी करत होते. त्यांनी खुर्ची मागच्या चाकापाशी ओढून घेतली. मी पोत्यावर उताणी झोपून आत सरकले. आतून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि वरून आवाज येत होता. उजव्या पायातली चप्पल निम्मी निसटलेली. ती तशीच निसटायची हल्ली. अंगणात चालता चालता चप्पल मागं राहायची आणि हे पुढं. मी ती शिवून आणली, मग नवीच आणली, तर नवीही निसटायला लागली. 'आजकाल मालच खराब येतोय,' म्हणाले. मीही दुकानदाराला शिव्या घातल्या.

आधी रंग काढायचा होता. तारेचा ब्रश घेऊन घासायला लागले तर डोळ्यांत भुसा पडायला लागला. वरचा रंग चंदेरी. त्याखाली हिरवा. त्याखाली तांबडा. पोरगी दहावीला होती त्या दसऱ्याचा तो हिरवा, मला आठवत होतं, कारण उरलेल्या रंगात मी तुळशीचा कट्टा रंगवला होता. एकेक थर निघत गेला आणि शेवटी नटाचे सहा कोपरे दिसले. तेही धड सहा नव्हते, गंजानं खाऊन गोल होत आलेले. वरून डिझेल सोडलं आणि भिजत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं.

वरचे बोल्ट त्यामानानं शहाणे निघाले, रडतखडत का होईना सुटले. खालचे एक्सलपाशीचे मात्र सासुरवासाचा वचपा काढायला बसले होते. त्यांत पहिल्या सकाळी मी भलताच घोळ घातला. उताणं झोपलं की डावं-उजवं फिरतं. कारखान्याची सवय हाताला, हात आपोआप आवळायच्या बाजूला जायचा. बराच वेळ घामाघूम होऊन मी तो नट आणखी घट्ट केला. मालकांच्या लक्षात आलं तेव्हा ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. "आगं, सोडायचा हाय त्यो, लावायचा न्हाई!" मी खालून म्हटलं, "तुमचं तोंड तेवढं सुटलं, बोल्ट पण सुटंल." त्या हसण्यानं मला इतका जोर आला की मी दुप्पट ताकदीनं ओढायला लागले.

पण नट हलेना. हातोड्यानं ठोकला. छिन्नी लावली. करवतीनं कापायला गेले तर पाट्याच्या आणि शॉकअपच्या मधे करवत फिरायला जागा नाही, पान मोडलं. बोटांची सालटं गेली. मालकांनी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावून दिले. त्यात एक माणूस कसलासा फवारा मारतो आणि दोन झटक्यांत बोल्ट काढून दाखवतो. तोही फवारा आणला. त्याचा वास तेवढा घरभर झाला. दिवस मावळला की मी पोत्यावरून उठायची तेव्हा मान वळत नसायची आणि भाकरी थापताना बोटं चुरचुरायची. एकदा न्हाणीत जाऊन मी तोंडात पदर कोंबून रडले. बोल्टासाठी कोण रडतं, पण मी रडले. मला त्या गोल झालेल्या नटात आमचं पुढचं सगळं आयुष्य अडकलेलं दिसत होतं.

एक गोष्ट मात्र घडत होती. सुरुवातीला मालक नुसते बसून असायचे, विचारलं तर सांगायचे. पुढं पुढं त्यांना राहवेना. ओणवं होऊन बघायला लागले. "पाना पुरता बसव. तिरका धरू नको. आता झटका दे, दाबत ऱ्हाऊ नको." आवाजात जुना ड्रायव्हर यायला लागला. एका सकाळी उठून त्यांनी दाढी केली. त्या दिवशी त्यांनीच घरामागून एक लांब लोखंडी पाईप ओढत आणला आणि म्हणाले, "पान्यावर ह्यो चढव. आज सोडायचाच."

पाना नटावर ठोकून बसवला, त्यावर पाईप चढवला. पाईपचं दुसरं टोक चाकाच्या मागून बाहेर येत होतं. बोल्ट सोबत फिरू नये म्हणून त्याच्या डोक्याला दुसरा पाना लावून पाट्याला अडकवला. मी आत उताणी, दोन्ही पाय टायरला लावलेले. मालक बाहेर खुर्चीच्या टोकावर.

"घे नाव कुलदैवताचं," ते म्हणाले. "आन् मार!"

मी पाय रोवून सगळं अंग ओढलं. काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं माझ्याच खांद्यातून आला. नट फिरला होता. पाना सटकला, पाईप गरकन बाहेर गेला आणि त्याचं टोक मालकांच्या उजव्या पायावर आदळलं.

मी खालून ते पाहिलं. अंगठ्याचं नख उलटलं. रक्त आलं आणि मातीत पसरायला लागलं. आणि वरून मालकांचा आवाज येत होता, आनंदानं फुटलेला. "सुटला! आगं सुटला गं! सुटला!" ते फाळक्यावर थापा मारत होते. पाय जागच्या जागी होता. तो मागं घेतला गेला नाही, झटकला गेला नाही, साधा थरथरलाही नाही.

मी हाक मारली नाही. मी तशीच पडून त्या पायाकडं बघत राहिले. वर माणूस हसत होता आणि खाली त्याच माणसाचा पाय रक्तात होता, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. चपलेचं, खुर्चीचं, गॅरेजला नको म्हणण्याचं, सगळं तिथं पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं. गॅरेजला गाडी चालवत न्यावी लागते. जाळ लावला असता तर बोल्ट त्याच दिवशी सुटला असता.

सरकत बाहेर आले. "पायाकडं बघा," मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं थोडा वेळ, मग गेलं.

मी पाणी आणलं, जखम धुतली, हळद दाबली, जुन्या धोतराची पट्टी बांधली. एरवी हळद लागली की लहान पोरासारखे ओरडणारे. आता नुसते बघत होते, दुसऱ्याच कुणाचा पाय बांधावा तसे.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासनं." मग पुढं म्हणाले, "शेवटच्या फेरीला कराडच्या अलीकडं उतार लागला. म्होरं उसाची ट्रॉली हुती. मी बिरेक दाबतोय, दाबतोय, गाडी थांबंना. खाली बघितलं तर पाय बिरेकवर न्हवताच. हॅन्डब्रेक वढला, गाडी कडंला घातली. ट्रॉलीवर बायामाणसं बसली हुती गं, तान्ही पोरं घिऊन. घरी येऊन किल्ली खुट्टीला अडकवली ती अडकवलीच."

दया आधी यायला हवी होती, पण आला तो संताप. "मग मला गाडीखाली कशाला झोपवलंसा? माझ्या हाताची ही दशा! सांगता येत न्हवतं?"

ते पट्टीकडं बघत म्हणाले, "बोल्ट सुटायचाच न्हाई असं वाटलं हुतं."

सुटायचा नाही या भरवशावर त्यांनी इतके महिने काढले होते. बोल्ट जाम आहे तोवर ते ड्रायव्हर होते, फक्त गाडी नादुरुस्त होती. आणि मी सांगलीहून नवे शॉकअप मांडीवर घेऊन आले होते, हात जोडत.

दुपारी आम्ही सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घेऊन या, पण इतके दिवस नस दबून राहिली, आता ऑपरेशननं पायात किती जीव परत येईल ते सांगता येत नाही. मालकांनी ते स्पीकरवर ऐकलं आणि मोबाईल उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता ट्रकला हातच लावू नये. पण सकाळी ते म्हणाले, "निम्मी उघडी गाडी ठिवायची न्हाई. दुसरी बाजू राहिलीया." म्हणून मी पुन्हा पोत्यावर झोपले. तोच ब्रश, तेच रंग, तसाच गोल झालेला नट. ते त्याच आवाजात सांगत होते, पाना पुरता बसव, झटका दे. मी देत होते. ही गाडी आता आमच्या दारातून आमच्या हातानं जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ती नीट व्हावी म्हणून झटत होतो. मी आयुष्यात इतकं निरर्थक काम कधी केलं नाही आणि इतक्या निगुतीनंही केलं नाही. दोन दिवसांनी तोही नट सुटला. या खेपेला कुणी ओरडलं नाही. मी नवे शॉकअप बसवले, नवे नट लावले आणि आवळले. आवळताना हात सराईत होता, एकदाही चुकला नाही.

जॅक काढला. सुभेदारांनी मागच्या फाळक्याला धरून गाडी दाबून बघितली आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास." ते घरी गेल्यावर मालक खुर्चीतून उठले.

"एकदा चालू करून बघतो," म्हणाले. "जाग्यावरच. गिअर टाकत न्हाई."

नको म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी खुट्टीवरून किल्ली काढून आणली होती आणि ती धुवून, पुसून हातात धरली होती. मी त्यांच्या काखेत खांदा दिला. आधी डावा पाय चढवला, मग उजवा मी उचलून आत ठेवला. सीटवर बसल्याबरोबर त्यांची पाठ सरळ झाली. आरसा नीट केला. डॅशबोर्डवरच्या देवाला नमस्कार केला. किल्ली फिरवली तर इंजिन थोडं कुरकुरलं आणि चालू झालं. सगळं अंगण हललं. मी दार उघडं धरून खाली उभी होते. त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि नजर समोर, फाटकापलीकडच्या रस्त्यावर. किती दिवसांनी मी त्यांना तसं बघत होते. थोडा वेळ मी सगळं विसरले.

"अगं," ते समोर बघतच म्हणाले, "जरा बघ गं. पाय बिरेकवर हाय का?"

मी वाकून बघितलं. पट्टी बांधलेला पाय ब्रेकच्या शेजारी, मॅटवर होता. मांडीपासून सगळा जोर लावून ते नुसती जमीन दाबत होते.

"न्हाई," मी म्हणाले.

"मग कुठं हाय?"

मी आत हात घालून त्यांचा पाय घोट्याला धरून उचलला आणि ब्रेकवर ठेवला. त्यांना तेही कळलं नाही. ते तसेच रस्त्याकडं बघत माझ्या उत्तराची वाट पाहत होते.